परीक्षेबाहेरची संस्कृती

लेगॉस, आक्रा, नैरोबी, कंपाला अशा शहरांतील ख्रिस्ती प्राथमिक शाळा स्वतःची ओळख करून देताना एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास वापरतात : ब्रिटिश अभ्यासक्रम, ख्रिस्ती मूल्ये आणि आफ्रिकन संस्कृती यांचा आमच्याकडे मिलाफ आहे. आमचा आक्षेप या 'मिलाफ' शब्दाला आहे. ख्रिस्ती असण्याला नाही, इंग्रजी शिकवण्यालाही नाही. दोन गोष्टींचा मिलाफ झाला असे म्हणायचे, तर दोहोंनी एकमेकींना काही प्रमाणात बदलावे लागते. या शाळांत कोण कोणामुळे बदलले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

लेगॉसचे उदाहरण घेऊ. गणित, विज्ञान, भाषा हे विषय इंग्लंडच्या अभ्यासक्रमातून येतात आणि इंग्रजीतूनच शिकवले जातात. मुलांची पारख इंग्रजी वाचनावर आणि इंग्रजीतल्या चाचण्यांवर होते. योरुबाला आठवड्यातले काही तास मिळतात. 'संस्कृती' मात्र वाजतगाजत येते. ठरलेल्या दिवशी निळीत रंगवलेले आदिरे कापड अंगावर येते, मुलींच्या डोक्याला गेले बांधले जाते, ढोल वाजतो, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी गणवेश आणि गुणपत्रिका आपापल्या जागी परततात. ज्याला गुण नाहीत त्याला शाळेत किंमत नाही, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते. संस्कृती परीक्षेबाहेर ठेवणे म्हणजे ती शोभेची आहे, असे त्याला न बोलता शिकवणे होय.

एक तपशील पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये २०१४पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक इतिहासाचा एक घटक असा : ब्रिटिश इतिहासाशी तुलनेने वेगळेपण दाखवणारा एक युरोपबाह्य समाज अभ्यासावा. त्यासाठी तीन पर्याय दिले आहेत, बगदादसह आरंभीची इस्लामी संस्कृती, माया संस्कृती आणि पश्चिम आफ्रिकेतील बेनिन. इंग्लंडमधल्या मुलासाठी ही योजना वाईट नाही. उलट स्वागतार्हच आहे. पण हाच घटक जसाच्या तसा लेगॉसच्या वर्गात उतरला, तर काय होते? बेनिनची राजधानी आजच्या नायजेरियातच आहे, लेगॉसहून रस्त्याने काही तासांवर. तिथल्या मुलाने स्वतःच्या देशाचा भूतकाळ 'युरोपबाह्य' म्हणून, ब्रिटनहून वेगळा म्हणून, आणि तोही तिघांतून निवडला गेला तर, शिकायचा! बेनिनच्या पितळी शिल्पांचे चित्र वर्गाच्या भिंतीवर लावल्याने हा पेच सुटत नाही. प्रश्न आशयाचा जितका आहे, तितकाच उभे राहण्याच्या जागेचा आहे. मूल कुठे उभे राहून जग पाहते, ते अभ्यासक्रम ठरवतो.

या मिलाफाला इतिहासही आहे. आफ्रिकेतील शिक्षण तिथल्या लोकांची मनोवृत्ती, व्यवसाय आणि परंपरा यांना अनुरूप असावे, असे ब्रिटिश सरकारच्या १९२५च्या धोरणपत्रात म्हटले होते. वरवर पाहता हे आमचेच म्हणणे वाटेल. पण अनेक आफ्रिकनांनी या 'अनुरूपते'कडे संशयाने पाहिले, आणि त्यांचा संशय रास्त होता. साहेबाच्या मुलाला एक शिक्षण आणि आपल्या मुलाला परंपरेच्या नावाखाली दुय्यम शिक्षण, असा त्याचा अर्थ होऊ शकत होता. दक्षिण आफ्रिकेत १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने तो अर्थ खराच करून दाखवला. तेथे मातृभाषेचे माध्यम कृष्णवर्णीयांना खालच्या पायरीवर रोखून धरण्यासाठी वापरले गेले. म्हणून आज आफ्रिकेतला पालक 'स्थानिक भाषा' म्हणताच सावध होत असेल, तर त्याला न्यूनगंडाचा रुग्ण ठरवणे हा उद्धटपणा आहे. त्याच्या आजोबांनी फसवणूक पाहिलेली आहे.

मात्र यातून निष्कर्ष एवढाच निघतो की, मातृभाषेला अर्धवट ज्ञान देऊन तिच्यावरच दुबळेपणाचा ठपका ठेवू नये. तिला पूर्ण ज्ञान देऊन पाहिले तर काय होते, याचा प्रयोग नायजेरियातच झालेला आहे. १९७० साली इफे विद्यापीठात बाबातुंडे फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांचा प्राथमिक शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला, तो सेंट स्टीफनचे नाव असलेल्या शाळेत. मुलांना सहाही वर्षे सर्व विषय योरुबातून शिकवले गेले. इंग्रजी हा स्वतंत्र विषय होता आणि त्यासाठी खास शिक्षक होते. तुलनेच्या वर्गांत रूढ रीतीने तीन वर्षे योरुबा आणि चौथीपासून इंग्रजी. योरुबात गणिताची, विज्ञानाची पुस्तके नव्हती, ती लिहिली गेली. संज्ञा नव्हत्या, त्या घडवल्या गेल्या. सहा वर्षांअखेर योरुबातून शिकलेली मुले एकंदरीत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मिलाफ म्हणायचा तर याला म्हणावे. येथे योरुबाने विज्ञान पचवले, आणि त्यासाठी योरुबाला बदलावे लागले. इंग्रजीची जागाही बदलली : ती ज्ञानाचे दार न राहता एक शिकण्याजोगी भाषा झाली.

ख्रिस्ती शाळांना तर हे परके वाटण्याचे कारणच नाही. योरुबाला ग्रंथभाषा करण्यात मोठा वाटा सॅम्युएल अजयी क्राउथर यांचा. १८२१ साली गुलाम म्हणून पकडला गेलेला हा योरुबा मुलगा पुढे १८६४मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. त्याने योरुबाचा शब्दसंग्रह १८४३मध्ये प्रसिद्ध केला आणि बायबलच्या योरुबा भाषांतराचे नेतृत्व केले. हे काम निर्दोष नव्हते. एशू या योरुबा देवतेचे नाव सैतानासाठी वापरले गेले आणि ती जखम अजून भरलेली नाही. पण भाषेत शिरण्याची जोखीम क्राउथरांनी घेतली. म्हणून त्यांच्याशी भांडता तरी येते. मराठीच्या अभ्यासकाला येथे फादर स्टीफन्स आठवल्यावाचून राहणार नाही. हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओवीत सांगितली. ओवी स्वीकारताच पुराणाची सांगण्याची रीत स्वीकारावी लागली, स्वर्गासाठी 'वैकुंठ' म्हणावे लागले. धर्मप्रचार हा त्याचा हेतू होताच. तरीही श्रोत्याच्या छंदात बोलण्याची किंमत त्याने मोजली. आजच्या माहितीपत्रकांतला मिलाफ असली कोणतीही किंमत मोजत नाही.

या शाळांच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. पहिला व्यवहाराचा. लेगॉससारख्या शहरात एका वर्गात योरुबा, इग्बो, एडो बोलणारी मुले असतात. माध्यम कोणते ठेवणार? अडचण खरी आहे. पण ती सोडवण्याचे प्रयत्न थकल्यावर इंग्रजीचा आश्रय घेतला, असे येथे झालेले नाही. आधी इंग्रजी ठरली आणि मग अडचण पुढे केली गेली. माध्यम बदलणे अशक्य असेल, तर निदान एका आफ्रिकन भाषेतील लेखन, एका आफ्रिकन प्रदेशाचा सलग इतिहास आणि मौखिक वाङ्मय हे विषय इंग्रजीइतक्याच गुणांचे करायला कोणाची आडकाठी आहे?

दुसरा युक्तिवाद आमच्याच व्यवसायातून येतो, म्हणून अधिक बोचतो. संस्कृती शुद्ध नसतातच, सगळ्याच संकरित असतात, तेव्हा या शाळाही एका नव्या संकराच्या जागा आहेत, असे सांगितले जाते. होमी भाभा यांनी संकरतेची मांडणी केली ती सत्तेच्या भाषेला वसाहतीत पडणारे तडे दाखवण्यासाठी. सत्तेच्या भाषेला तडा तर नाहीच, उलट झिलई मिळते, तेथे हा शब्द वापरणे म्हणजे सिद्धांताचा जाहिरातीसाठी वापर करणे होय.

हा वाद जुन्या काळाचा नाही. नायजेरियाच्या सरकारने २०२२मध्ये प्राथमिकच्या सहाही वर्षांत मातृभाषेचे माध्यम ठेवण्याचे धोरण मंजूर केले आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ते रद्द केले. रद्द केल्याची घोषणा ब्रिटिश कौन्सिलने अबुजात भरवलेल्या भाषाशिक्षणविषयक परिषदेत झाली, यावर वेगळे भाष्य नको. मातृभाषेतून शिकलेली मुले परीक्षांत नापास होतात, असे कारण दिले गेले. परीक्षा कोणत्या भाषेत, मातृभाषेत पुस्तके किती लिहिली गेली, शिक्षक किती तयार केले गेले, हे प्रश्न त्या कारणाखाली झाकले गेले. इफेच्या प्रकल्पाने पन्नास वर्षांपूर्वी हीच तयारी आधी केली होती.

मराठी विभागांत देशीवाद शिकवताना न्गुगी वा थिओंगो यांचा उल्लेख करण्याची रीत आहे. गिकुयू बोलल्याबद्दल शाळेत छडी मिळत असे, हे त्यांनी लिहिलेले विद्यार्थ्यांना ठाऊक असते. २०२५ साली ते गेले तेव्हा श्रद्धांजल्याही लिहिल्या गेल्या. पण छडीचा निषेध करणे सोपे आहे.  छडीऐवजी ढोल, नाच आणि रंगीत कापड घेऊन तेच काम हसतमुखाने होते तेव्हा ते ओळखणे, ही साहित्याच्या अभ्यासकाची खरी कसोटी आहे. म्हणून कोणत्याही शाळेने, ती लेगॉसची असो की आपल्या गावची, मिलाफाचा दावा केला, की तिचे स्नेहसंमेलन पाहू नये. प्रश्नपत्रिका मागून घ्यावी आणि ती कोणत्या भाषेत, कोणत्या जगाविषयी, कोणासाठी काढली आहे ते वाचावे.