गांवची राखण

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हां नववीच्या वर्गास आम्हीं 'आमच्या गांवची रात्र' हा निबंधाचा विषय दिला होता. आमच्या बोर्डिंगांतील बहुतेक मुलें खेड्यांतून आलेलीं. तेव्हां चांदणें, कापणीस आलेल्या पिकाचा वास, देवळांतील भजन, ओट्यावरच्या गप्पा, असें कांहीं वाचावयास मिळेल अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत जवळजवळ प्रत्येक वहींत चोर निघाला! विहिरीवरील मोटारीची केबल कापून नेणारा चोर, गोठ्यांतल्या शेळ्या लांबविणारा चोर, आभाळांत तांबडे-हिरवे दिवे लुकलुकवीत फिरणारीं ड्रोन यंत्रें व त्यांच्यामागची कोणीं न पाहिलेली टोळी. आणि या सर्वांविरुद्ध काठ्या, बॅटऱ्या व शिट्या घेऊन रात्र जागविणारे तरुण. मुलांनीं हें सर्व मोठ्या उत्साहानें लिहिलें होतें. कित्येकांचे थोरले भाऊ त्या गस्तींत होते, आणि आपणही केव्हां एकदां काठी हातांत घेण्याजोगे होतों असें त्यांस झालें होतें.

एका वहींत मात्र चोर नव्हता. त्या मुलानें लिहिलें होतें कीं, शेजारच्या घरांतून रात्रीं मारल्याचा व रडल्याचा आवाज येतो. गस्तीचे लोक त्या घरापुढून जातांना शिटी वाजवीत नाहींत, उलट पावलें झपाट्यानें उचलतात. आणि शेवटीं कंसांत त्यानें पुस्ती जोडली होती: "हें चोरीचें नाहीं, म्हणून निबंधांत चालेल कीं नाहीं तें ठाऊक नाहीं."

हा लेख लिहिण्यास तो कंसच कारण झाला.

चोरीचें भय खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. शहरांत राहणाऱ्यास शंभर-दोनशे फूट केबलीची चोरी क्षुल्लक वाटेल. परंतु कांदा पाण्यावर आलेला आहे, वीज रात्रींची मिळते, आणि अशा वेळीं मोटार चालू करावयास गेलेल्या शेतकऱ्याच्या हातीं तारेचें कापलेलें टोंक यावें, हा प्रसंग ज्यानें पाहिला आहे तो त्यास क्षुल्लक म्हणणार नाहीं. तांब्याची किंमत चोरास कांहीं शेकडे रुपये मिळते. शेतकऱ्याचें नुकसान कित्येक पटींनीं अधिक. फिर्याद द्यावी तर ठाणें दहा-पंधरा मैलांवर; तेथें अर्धा दिवस मोडावयाचा, आणि पिकास तर पाणी आजच हवें. म्हणून तो उसनेपासने करून नवी केबल आणतो आणि गप्प बसतो. ज्या गांवची फिर्याद ठाण्यांत येत नाहीं तें गांव शांत, असें मानण्याची रूढि आहे. ती किती पोकळ आहे हें अशा शेतकऱ्यास विचारावें.

परंतु गांवकऱ्यास खरोखर धोका कोणापासून आहे असें पाहूं गेल्यास आकडे निराळेंच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालांत देशांतील खुनांचीं २८,५२२ प्रकरणें नोंदलेलीं आहेत. त्यांपैकीं तंट्याभांडणांतून घडलेलीं ९,९६२, वैयक्तिक वैरांतून घडलेलीं ३,७६१, आणि लाभाच्या हेतूनें केलेलीं १,८८४. म्हणजे लुटण्यासाठीं येणाऱ्याच्या हातून एक मनुष्य मरतो, तेव्हां ज्याच्याशीं आपलें भांडण अगर वैर आहे अशा माणसाच्या हातून सातांहून अधिक मरतात. त्याच वर्षीं स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ फिर्यादी झाल्या, व त्यांपैकीं १,४०,०१९ पति व सासरचे नातलग यांनीं केलेल्या छळाच्या होत्या. हे आंकडे शहरें व खेडीं मिळून आहेत, हें खरें. तथापि बांधाचें भांडण, पाण्याच्या पाळीचें भांडण, भाऊबंदकीची वांटणी, हीं कोठें पिकतात हें आम्हां खेड्यांतून आलेल्यांस कोणीं सांगावयास नको. ज्याच्यापासून भय तो बहुधा आपल्याच आळींत राहतो, आणि गस्त मात्र वेशीवर उभी असते.

पूर्वींची राखण कशी होती याविषयीं जुन्या लोकांत अद्याप मोठा अभिमान दिसतो, आणि तो सर्वस्वीं निराधार नाहीं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत गांवच्या जागल्याचें काम वर्णिलेलें आहे. चोरी झाली कीं त्यानें चोराच्या पावलांचा माग काढीत जावें. माग शेजारच्या गांवच्या शिवेंत शिरला म्हणजे तो त्या गांवच्या जागल्याच्या हवालीं करावा. आणि जेथें माग संपेल तेथें चोरीची जबाबदारी यावी. या पद्धतींत एक गोष्ट फार मोलाची होती. चोरी हें एका घराचें दुर्दैव न मानतां तें साऱ्या गांवाचें देणें मानिलें जाई.

मात्र त्या राखणीची किंमत कोण देत होता, हेंही सांगितलें पाहिजे. महार, रामोशी, भिल्ल, कोळी यांनीं थंडीपावसांत शीव राखावयाची आणि वेशीबाहेर राहावयाचें. चोरी झाली कीं पहिला संशय पुन्हां त्यांच्यावरच. पुढें इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा करून कित्येक जातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें; हजेऱ्या घेतल्या, कांटेरी तारांआड वसाहती बसविल्या. अशा कांहीं वसाहती सॅल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनींही चालविल्या, हें आम्हां ख्रिस्ती लोकांस विसरतां येणार नाहीं. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्यें रद्द झाला. लोकांच्या मनांतून तो रद्द झाला आहे काय, याचा झाडा यापुढें देतों.

तत्पूर्वीं आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती झांकून ठेवून मुलांस उपदेश करणें आम्हांस शोभणार नाहीं. २०२४ च्या पावसाळ्यांत अहिल्यानगर, बीड, पुणें या जिल्ह्यांतील कित्येक गांवांत रात्रीं ड्रोन दिसल्याची हूल उठली होती. त्या दिवसांत आम्ही आमच्या मूळ गांवीं गेलों होतों. घरोघर भ्रमणध्वनीवर संदेश येत होते. कोणी म्हणे ड्रोनवाले घरें हेरून जातात, कोणी म्हणे मुलें पळवितात. आम्ही पदवीधर, वीस वर्षें शिक्षकाचा पेशा केलेले. परंतु रात्रीं दहाच्या सुमारास चुलतभाऊ बोलवावयास आला तेव्हां "अरे, यांत कांहीं तथ्य नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. मास्तर भ्याले असें कोणी म्हणूं नये, म्हणून आम्ही बॅटरी घेऊन निघालों.

एकच्या सुमारास ओढ्याच्या पुलाजवळ एक अनोळखी मनुष्य सांपडला. खांद्यावर पिशवी, पायांत चिखल, आणि मराठी त्यास येईना. पांचपंचवीस जण भोंवतीं जमले. कोणी त्याची पिशवी ओढली, कोणी थोबाडींत मारली. आम्हीं त्यास मारलें नाहीं. परंतु लोकांस त्याचें तोंड नीट दिसावें म्हणून बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर आम्हीं धरला होता, आणि तो तसाच धरून राहिलों. तो काय सांगत होता तें आम्हांस हिंदी येत असल्यामुळें कळत होतें. तें मोठ्यानें चारचौघांस सांगावें हें मात्र त्या क्षणीं सुचलें नाहीं. सुचलें नाहीं असें म्हणतों खरें, पण कदाचित् धीर झाला नाहीं, हेंच अधिक खरें असेल.

इतक्यांत गांवच्या पोलीसपाटील बाई आल्या. डोक्यावर पदर, पायांत त्यांच्या मालकांच्या मोठाल्या वहाणा. त्यांनीं कोणास शिव्या दिल्या नाहींत कीं भाषण केलें नाहीं. त्या माणसाचा दंड धरून त्यास सरळ आपल्या घरीं नेलें, आंतल्या खोलींत बसविलें, बाहेरून कडी घातली, आणि उंबऱ्यावर बसून ठाण्यास फोन लावला. "ज्याला आंत यायचंय त्यानं मला ओलांडून या," एवढेंच त्या म्हणाल्या. सकाळीं सडकेवर मालमोटार उभी असलेली आढळली. तिचें चाक बसलें होतें, आणि तो मनुष्य जॅक मागावयास गांवांत आला होता.

त्या बाई त्या रात्रीं माहेरीं गेलेल्या असत्या तर? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे, कारण तें महाराष्ट्रांत एकदां लिहिलें गेलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण तेथें आले होते. मुलें पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा आधींच पसरलेली. त्यांस जमावानें धरलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें, आणि तेथेंच ठार मारलें. मुलें पळविणारे ते नव्हते. पुढें १६ एप्रिल २०२० रोजीं टाळेबंदीच्या दिवसांत पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें दोन साधु व त्यांचा चालक अशाच अफवेच्या वातावरणांत जमावाकडून मारले गेले. तेथें तर पोलीस हजर होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. पांच किंवा अधिक जणांनीं मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनास तिच्या कलम १०३ मध्यें फांशी अथवा जन्मठेप अशी शिक्षा निराळी सांगितली आहे. तारीख राईनपाड्याचीच पडली, हा योगायोग.

वरील बाईंसारखी व्यक्ति प्रत्येक गांवीं असावी अशी योजना कायद्यानें केलेली आहेच. वंशपरंपरेची पाटिलकी गेली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाप्रमाणें पोलीसपाटील नेमला जातो. गुन्हा घडूं न देण्याची खटपट करणें व घडल्यास ठाण्यास कळविणें हें त्याचें काम. मानधन पुष्कळ वर्षें तुटपुंजें होतें. २०२४ मध्यें तें दरमहा साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करण्याचा निर्णय झाला, हें योग्यच झालें. गस्त घालावयाची तर ती पोलीसपाटलाच्या माहितीनें घालावी, गस्तीवाल्यांचीं नांवें वहींत लिहावीं, आणि अनोळखी मनुष्य सांपडल्यास त्यास हात न लावतां ११२ या क्रमांकावर फोन करावा. यांत कांहीं बुद्धीचें काम आहे असें नाहीं. नांव वहींत लिहिलें आहे एवढ्यानेंच पुष्कळांचा हात आवरतो, असा आमचा अनुभव आहे. अंधारांतील पंचवीस जणांस नांव नसतें, हीच त्यांतली भीतिदायक गोष्ट.

शनिशिंगणापूरचें नांव येथें कोणीतरी काढीलच. नेवासें तालुक्यांतील त्या गांवीं घरांस दारांच्या चौकटी आहेत पण फळ्या नाहींत. २०११ मध्यें एका बँकेनें तेथें कुलुपाविना शाखा उघडली, याचें देशभर कौतुक झालें. तथापि २०१५ मध्यें त्याही गांवीं पोलीस ठाणें आलें. आम्हांस त्यांत कांहीं वाईट वाटत नाहीं. देवाच्या धाकानें चोर दूर राहत असेल; पण ज्या घरास दारच नाहीं त्या घरांतल्या सुनेस कोणी मारूं लागल्यास तिनें कोठें जावें, हा प्रश्न तेथेंही उरतोच.

आणि हाच प्रश्न आमच्या विद्यार्थ्याच्या कंसांत होता. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम चालू झाली. ग्रामसभेनें समिति निवडावी व गांवांतले तंटे सामोपचारानें मिटवावे ही कल्पना उत्तम होती, आणि बांधाचे व वाटेचे कित्येक जुने दावे तीमुळें मिटलेले आम्हीं पाहिले आहेत. परंतु तडजोड दोघां बरोबरीच्या माणसांत होते. मारणारा व मार खाणारी यांच्यांत गांवानें केलेली तडजोड म्हणजे बहुधा तिलाच सांगितलेलें, "बाई, तूं थोडें सोसून घे." गांवाच्या वेशीवर तंटामुक्तीची कमान असते, आणि कमानीचा मान राखण्यासाठीं तिनें ओरडावयाचें नसतें! २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा अशाच स्त्रीसाठीं आहे. १८१ व मुलांसाठीं १०९८ हे फोनचे क्रमांक आहेत. आणि आतां गुन्हा कोणत्याही हद्दींत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यांत फिर्याद नोंदवून तिची प्रत फुकट मिळते. हें सर्व वर्गांत फळ्यावर लिहून देण्यास आम्हांस दहा मिनिटें लागलीं. इतकीं वर्षें तीं दहा मिनिटें आम्हांस कां मिळालीं नव्हतीं, कोण जाणे.

वह्या परत दिल्या त्या दिवशीं तो मुलगा तासानंतर मागें राहिला. आम्हीं त्याच्या निबंधास कंस काढून टाकण्याविषयीं शेरा दिला होता. त्यानें विचारलें, "सर, पोलीसपाटलांना सांगूं का?" आम्ही हो म्हणालों. तेव्हां तो म्हणाला, "पण तें घर त्यांच्याच चुलत्यांचें आहे."

मग आम्हीं दोघांनीं शाळेच्या कचेरींत बसून १८१ ला फोन लावला. मुलाचें नांव त्यांत सांगितलें नाहीं, आमचें सांगितलें. नाताळच्या सुटींत तो घरीं जाईल, तेव्हां पुढें काय झालें तें कळेल.