प्रतिकारशक्ती वाढवावी की आवरावी?

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, डब्याचे झाकण उघडत नाही, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात. घरातले म्हणतात, "अशक्तपणा आलाय, प्रतिकारशक्ती वाढवायला एखादे टॉनिक घे." सल्ला मायेचा असतो. पण दुखणे आमवाताचे, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचे असेल, तर प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती वाट चुकलेली असते.

असे का होते, हे समजण्यासाठी मदतनीस टी पेशींची ओळख हवी. या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत त्या तयार होतात, म्हणून नावात 'टी'. त्या स्वतः सहसा जंतूंना मारत नाहीत. लग्नघरातल्या जाणत्या बाईसारख्या त्या कामे वाटून देतात. बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला सांगतात, तर भक्षक पेशींना गिळलेले जंतू संपवायला लावतात. हे निरोप सायटोकाइन नावाच्या रसायनांमार्फत जातात.

ही जाणती बाईच घरात नसली तर? एचआयव्हीचा विषाणू नेमक्या याच पेशींवर हल्ला करतो. निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, की एरवी फारसा त्रास न देणारे जंतूही जिवावर उठतात.

उलट, याच पेशींनी आपल्याच शरीराला परके मानले, तर सांध्यांच्या अस्तराला सूज येते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास हाड झिजते. सोरायसिस आणि अॅलर्जीचा दमा यांतही त्यांचे चुकीचे निरोप असतात. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही आपल्या शरीरात असतात. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रन्कोव आणि फ्रेड राम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून आमवातावरची औषधे प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत, आवरतात. आवरताना सावधगिरी हवीच. सांधा सुजवणारे काही निरोप शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंवर पहाराही ठेवतात. त्यामुळे काही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात. ती टाळू नका.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिले असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवाला धोका होऊ शकतो. स्टेरॉइडच्या गोळ्या बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नका. ताप आला किंवा खोकला रेंगाळला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. दिवस राहण्याचा विचार असेल, तर तोही आधीच सांगा, कारण काही औषधे बदलावी लागतात.

आणि सांधे सहा आठवडे सुजलेले असतील, सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर टॉनिकची बाटली आणण्याआधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या महिन्यांत मिळालेले उपचार सांधा वाचवू शकतात. एकदा वाकडी झालेली बोटे मात्र औषधांनी पुन्हा सरळ होत नाहीत.