आवाज मोजा, गाणं बदलू नका

खान्देशातल्या गाणंवेड्या माणसाच्या कॉम्प्युटरवर आज काय काय नांदतं? बहिणाबाईंची गाणी, तबकड्यांवरून उतरवलेली बालगंधर्वांची पदं, आकाशवाणीवरून कॅसेटमध्ये भरून घेतलेलं वहीगायन, आखाजीच्या सणाला आणि कानबाईच्या उत्सवात घरच्या बायकांनी म्हटलेली गाणी, आणि त्याच फोल्डरमध्ये हल्लीची वरातीतली अहिराणी गाणी. हे सगळं पेनड्राइव्हवर घेऊन धुळ्याहून जळगावला निघालं की पारोळा येईपर्यंत गंमत कळते. उत्तरा केळकरांनी गायलेली बहिणाबाई संपते, वरातीचं गाणं धाडकन अंगावर येतं, हात घाईने व्हॉल्यूमकडे जातो. त्याच्या मागून आखाजीचं गाणं लागतं, ते तर ऐकूच येत नाही.

याचं कारण गाण्यात नाही, ते तयार करण्याच्या पद्धतीत आहे. गाण्यातल्या हळू जागा वर उचलायच्या, मोठ्या जागा दाबायच्या आणि सगळं छताला टेकवून ठेवायचं, ही चाल जगभर तीसेक वर्षं चालत आली. २००८ साली मेटालिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमबद्दल खुद्द त्यांच्या चाहत्यांनीच तक्रार केली होती, कारण एका व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी कमी दाबलेली आणि जास्त मोकळी ऐकू येत होती. डीजेच्या भिंतीसाठी बनणारं आपलं अहिराणी गाणंही त्याच वाटेनं गेलंय. ते वरातीत चांगलंच वाजतं. घरात मात्र शेजारच्या गाण्याचा गळा धरतं.

यावर खरा तोडगा २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी सुचवला, त्याचं नाव रिप्लेगेन. मला त्यातली सभ्यता आवडते. प्रोग्रॅम अख्खं गाणं ऐकतो, माणसाच्या कानाला ते किती मोठं वाटेल याचा हिशेब करतो आणि फक्त एक आकडा फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. कापसाच्या गाठीवर वजनाची चिठ्ठी लावावी तसं. गाठ उसवत नाही, आतल्या कापसाला हात लागत नाही. वाजवणारा प्लेअर ती चिठ्ठी वाचून आवाज कमी-जास्त करतो. चिठ्ठी काढून टाका, गाणं जसं होतं तसं.

माझ्याकडच्या एका वरातीच्या गाण्याच्या टॅगमध्ये उणे दहा डेसिबलच्या आसपासचा आकडा आहे, तर मोबाइलवर भरलेल्या आखाजीच्या गाण्याला अधिक अकरा. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ही दोन गाणी एकमेकांपासून किती लांब उभी आहेत बघा.

आता कोणी म्हणेल, मग हळू गाणीच वर उचला. इथेच जुनं ध्वनिमुद्रण अडतं. टॅगमध्ये आणखी एक आकडा असतो, गाण्यातल्या सर्वांत उंच ठोक्याचा. बालगंधर्वांचं एखादं पद घ्या. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. गाणं हळुवार, पण मध्ये एका ओरखड्याचा ‘टक’ असा आवाज थेट छताला लागलेला. गाणं उचलायला गेलं की तो ‘टक’ छत फोडतो आणि आवाज चिरकतो. टेपची खरखरही गाण्याबरोबर वर येते ती वेगळीच. आखाजीच्या गाण्यात हेच काम एखादी टाळी करते. म्हणून शहाणा मार्ग उलटा आहे: दणदणीत गाणी खाली आणा, हळू गाण्यांना बेताचंच उचला, आणि उरलेला आवाज आपल्या हाताने ॲम्प्लिफायरवर वाढवा. रिप्लेगेनच्या नव्या आवृत्तीची पातळी उणे १८ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं माप) इतकी खाली आहे, तिचा इथे उपयोग होतो. ‘चिरकू देऊ नका’ अशा अर्थाची एक खूण प्लेअरच्या सेटिंगमध्ये असते, ती चालू ठेवावी.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. टॅग दोन प्रकारचे असतात, एक सुट्या गाण्याचा आणि एक अख्ख्या अल्बमचा. बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात होतो. अशा मैफलीचं ध्वनिमुद्रण फाइलींमध्ये तुकडे करून ठेवलं असेल आणि प्रत्येक तुकड्याला सुटा टॅग लावला, तर विलंबितातली पहिली आलापी आणि शेवटचा तराणा एकाच पातळीवर ऐकू येतात. गायकाने तासाभरात चढवत नेलेली इमारत सपाट होते. तिथे अल्बमचाच टॅग लावायचा, म्हणजे सगळ्या तुकड्यांना एकच आकडा लागतो आणि चढ तसाच राहतो. कानबाईच्या रात्रीच्या गाण्यांनाही तोच न्याय. सुरुवातीला दोघी-तिघी म्हणतात, मग सगळं घर म्हणायला लागतं. हा चढ म्हणजेच ते गाणं. वरातीची सुटी गाणी मात्र खुशाल सुट्या टॅगने वाजवा.

व्यवहारातल्या अडचणी थोड्या आहेत. गाडीतले बहुतेक प्लेअर हे टॅग वाचतच नाहीत. पेनड्राइव्हसाठी एमपीथ्रीची वेगळी प्रत काढावी आणि ती एमपीथ्रीगेन या प्रोग्रॅममधून न्यावी. तो दीड-दीड डेसिबलच्या पायरीने फाइलमधला आवाजाचा आकडाच बदलतो, गाणं पुन्हा दाबून बनवत नाही, त्यामुळे तो बदल मागे घेता येतो. ओपस या प्रकारच्या फाइलींचा टॅग वेगळा असतो आणि त्याची पातळी उणे २३ धरलेली असते. एखाद्या प्लेअरने हे पाच डेसिबल हिशेबात घेतले नाहीत, तर ओपसची गाणी बाकीच्यांपेक्षा हळू लागतात. घरच्या कॉम्प्युटरवर फूबार हा प्लेअर मोजणी, टॅग आणि वाजवणं तिन्ही करतो, तेवढा पुरे.

जसं आहे तसं जपण्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेव चौधरी आणि पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या, १९५२ साली त्यांचं पुस्तक झालं. ती बोली तशीच ठेवली, पुस्तकी मराठीत घासूनपुसून आणली नाही, म्हणून बहिणाबाईंच्या शेतामळ्यातला तो सूर आजही कळतो. कॅसेटवरून गाणं उतरवून देणारे दुकानदार मात्र ‘आवाज वाढवून, क्लीन करून देतो’ म्हणतात आणि मूळ ध्वनिमुद्रण ठेवत नाहीत. खरखर कमी करणारी यंत्रं उद्या आणखी चांगली येतील. पण दाबून टाकलेला चढउतार कुठलंच यंत्र पूर्ण परत आणू शकत नाही.

म्हणून ज्यांच्या घरात जुन्या कॅसेट आहेत त्यांना विनंती: आधी जसं आहे तसं, काहीही न वाढवता फ्लॅक या, आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात उतरवून घ्या, त्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि मगच टॅग लावा. येत्या आखाजीला आईचं, आत्याचं गाणं मोबाइलवर भरलं, तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, पाठवताना त्याचा दर्जा कमी होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.