नेवाळीची धावपट्टी

युद्धकाळात सरकारने लागेल ती जमीन ताब्यात घ्यावी, याबद्दल सहसा कोणी वाद घालीत नाही. वाद उद्भवतो तो युद्ध संपल्यावर. कल्याणनजीक नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लष्करी विमानतळ उभारला आणि त्यासाठी नेवाळी, भाल, द्वारली आदी गावांतील सुमारे १,६०० एकर जमीन घेतली. १९४५ साली युद्ध संपले, विमाने गेली आणि शेतकरी पुन्हा ती जमीन कसू लागले. पुढे २०१७ साली नौदलाने तेथे भिंत घालण्यास प्रारंभ केला तेव्हा, २२ जून रोजी, आंदोलनाचा भडका उडाला. वाहने जळली, पोलीस जखमी झाले, ग्रामस्थही झाले.

जमीन केवळ युद्धापुरती घेतली होती, असे ग्रामस्थांचे म्हणणे. ती संरक्षण खात्याच्याच मालकीची आहे, असा सरकारपक्षाचा दावा. वरवर पाहता हा सातबाराचा तंटा वाटेल. वस्तुतः तो अधिग्रहण आणि संपादन या दोन शब्दांमधील अंतराचा आहे. अधिग्रहणात ताबा जातो, मालकी राहते. संपादनात मालकीही जाते. मुंबईतील एक सदनिका १९५१ साली अधिग्रहित होऊन तीस वर्षांहून अधिक काळ सरकारकडे राहिली, त्या व्होरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली स्पष्ट केले की, अधिग्रहण हे स्वभावतःच तात्पुरते असते. ते लांबवीत नेऊन संपादनाचा हेतू साधता येणार नाही.

ज्या राज्यकर्त्यांनी नेवाळी घेतली त्यांच्याच देशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाउन येथील ७२५ एकर जमीन बॉम्बफेकीच्या सरावासाठी १९३८ साली घेण्यात आली. गरज सरल्यावर अशी जमीन मूळ मालकांना परत मिळेल, असे आश्वासन चर्चिल यांनी १९४१ साली दिले होते. प्रत्यक्षात ती शेतकी खात्याकडे गेली. मालकांनी पाठपुरावा केला, चौकशी झाली आणि १९५४ साली शेतकीमंत्री डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. सक्तीने घेतलेली जमीन नको झाल्यास प्रथम मूळ मालकास देऊ करावी, हा दंडक तेथे त्यातूनच रुजला. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकास अथवा सरकारी भूमिपेढीस परत करण्याची तरतूद केली खरी. पण तो कायदा महायुद्धापर्यंत मागे जात नाही. (आणि ‘अथवा’ हा शब्द कोणाच्या सोयीचा, हे सांगावयास नको.)

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न मूल्यवृद्धीचा आहे. शेजारच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. अंबरनाथ, डोंबिवलीला कारखाने आले. नेवाळीच्या माळाचे मोल वाढले ते या सर्वांमुळे. त्यात सरकारचे विशेष कर्तृत्व नाही, तसे शेतकऱ्याचेही नाही. परंतु युद्धकाळच्या भावाने जमीन घ्यावयाची, प्रयोजन संपल्यावर ती राखावयाची आणि वाढलेले सारे मोल आपल्याच खाती जमा करावयाचे, हा व्यवहार वाटणीच्या कोणत्याही न्यायात बसत नाही.

नौदलाला जमिनीची निकड नसेलच, असे नव्हे. म्हणूनच मूळ आदेश, नुकसानभरपाईच्या नोंदी आणि फेरफार प्रथम जाहीर व्हावयास हवेत. अधिग्रहण ठरल्यास जमीन परत द्यावी किंवा आजच्या कायद्याने रीतसर संपादन करावे. संपादन ठरल्यास नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड ज्या न्यायाने देऊ केले, तोच न्याय नेवाळीला लावण्यास हरकत कोणती, याचे उत्तर संरक्षण खात्याने द्यावे.