सभापती ही काय शोभेची वस्तू आहे?

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना आमच्या घरात एक वाद पेटला. आमचे थोरले मेहुणे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे गृहस्थ. राजकारणातला त्यांचा शब्द घरात सहसा कोणी खाली पडू देत नाही. चकलीचा तुकडा मोडीत ते म्हणाले, "विधान परिषदेचा सभापती होणे म्हणजे राजकारणातले निवृत्तिवेतन. मंत्री करायचे नसले की माणसाला त्या उंच खुर्चीत नेऊन बसवतात. बोलायचे नाही, भांडायचे नाही. संपला बिचारा!"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. मी विचारले, "दादासाहेब, तुमच्या चिरंजीवांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, ते कशाचे?" चिरंजीव म्हणाले, "प्रोफेशनल टॅक्स." "तो कर मुळात कशासाठी बसवला?" कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात पाहुणे आले आणि माझे उत्तर फराळाच्या ताटाबरोबर आत गेले. ते आज येथे पुरे करतो.

तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावचे एक वकील होते. नाव विठ्ठल सखाराम पागे. स्वातंत्र्याच्या चळवळीतून आलेला हा माणूस आमदार झाला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य निर्माण झाले तेव्हा विधान परिषदेचा सभापती झाला. त्या खुर्चीवर ते १९७८ पर्यंत बसले. अठरा वर्षे! या काळात मुख्यमंत्री बदलले, मंत्रिमंडळे बदलली. पागे मात्र मंत्री झाले नाहीत. आमच्या मेहुण्यांच्या हिशेबाने हा माणूस १९६० सालीच 'संपला'.

आता या संपलेल्या माणसाने काय केले ते पाहा. दुष्काळी मुलखात वाढलेल्या पागे यांना एक प्रश्न छळीत होता. धडधाकट माणूस, राबायची तयारी असलेला, केवळ काम नाही म्हणून उपाशी का राहावा? आणि सरकारने त्याला भीक का घालावी? काम का देऊ नये? १९६५ च्या सुमारास आपल्याच तासगाव भागात त्यांनी या विचाराचा प्रयोग करून पाहिला. मग तो विचार घेऊन ते मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या मागे लागले. १९७२ साली राज्याची रोजगार हमी योजना सुरू झाली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. काम मागणाऱ्याला काम देणे ही चैन नसून राज्याचा धर्म आहे, हे त्या दुष्काळाने सर्वांना पटवले.

पण पैसा? १९७५ साली व्यवसाय कर बसला तो या हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने दरमहा चार पैसे द्यावेत आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला त्यातून काम मिळावे, अशी ही सोय. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास भत्ता द्यायचा! मजुराच्या मागणीला कायद्याचा हक्क मिळाला. पुढे २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

यावर कोणी म्हणेल, "हे त्या माणसाचे मोठेपण, खुर्चीचा त्यात काय संबंध?" संबंध आहे, आणि तोच मला सांगायचा आहे. हीच योजना एखाद्या मंत्र्याने मांडली असती, तर विरोधकांनी ती सरकारची म्हणून झोडपली असती आणि शेजारच्या खात्याच्या मंत्र्याने ती आपल्या खात्यावरचे आक्रमण मानली असती. सभापतीला खाते नसते. समसमान मते पडली तरच त्याला मत असते. ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचे उरलेले नाही, त्याचे म्हणणे दोन्ही बाजूंचे लोक कान देऊन ऐकतात. आमचे मेहुणे ज्याला दुबळेपणा म्हणतात, तेच त्या खुर्चीचे बळ आहे.

योजनेत दोष नव्हते असे मी म्हणत नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली. फोडलेल्या खडीचे ढीग जागच्या जागी पडून राहिले. पण घरात ढेकूण झाले म्हणून कोणी घर जाळीत नाही. याच योजनेच्या कामावर गावोगावच्या बाया कुदळ-पाटी घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या हक्काची मजुरी मोजून घेतली, हे विसरून कसे चालेल?

आणि अशा खुर्चीचे आपण काय केले? विधानसभेचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत रिकामे राहिले. मग विधान परिषदेची पाळी आली. पागे जिच्यावर अठरा वर्षे बसले, ती सभापतीची खुर्ची जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत, जवळजवळ अडीच वर्षे, रिकामी होती! उपाध्यक्षांनी आणि उपसभापतींनी काम चालवले, हे खरे. राज्यघटनेने तशी सोय केलेलीच आहे. पण जागा शक्य तितक्या लवकर भरा, असेही तीच घटना सांगते. पहिल्या वेळी राज्य एका आघाडीचे होते, दुसऱ्या वेळी तिच्या विरोधकांचे. म्हणजे या बाबतीत दोघांचेही एकमत! सोयीचा माणूस निवडून येईल अशी खात्री होईपर्यंत खुर्ची मोकळी ठेवायची, ही रीत दोघांनाही मानवली.

आणि आपण? दूध अर्धा तास उशिरा आले तर आपण गवळ्याशी भांडतो. राज्याच्या सर्वोच्च सभागृहांना धनी नव्हता, त्याबद्दल आपल्यापैकी किती जणांनी एक पोस्टकार्ड तरी टाकले? मीही टाकले नाही. तेव्हा हा आरोप माझ्यावरही आहे. ती खुर्ची शोभेची असे आपणच मानले, म्हणून राज्यकर्त्यांनाही ती रिकामी ठेवण्यात संकोच वाटला नाही.

यंदाही मेहुणे फराळाला येणार आहेत. मी चिरंजीवांना पगाराची चिठ्ठी बरोबर आणायला सांगितली आहे. त्यातल्या त्या दोनशे रुपयांवर बोट ठेवून मी म्हणणार आहे, "दादासाहेब, हा पाहा संपलेल्या सभापतीचा हिशेब. न संपलेल्यांपैकी कोणाचा असा हिशेब तुमच्या खिशात असेल, तर तो काढा!"