वरून तेल ओतणाऱ्यांना

वर्धा जिल्ह्यात शेततळ्यात मत्स्यबीज सोडलं की दोन प्रकारचे सल्लागार दारात येतात. पहिला सांगतो, खाद्यात तेल वाढवा, मासा झपाट्याने अंग धरेल. दुसरा म्हणतो, रोहू-कटला काय तेलावर जगतात? पाण्यातलं खातील, वरून स्वस्तातली ढेप नि कोंडा टाका. पहिल्याकडे बहुधा विकायला डबा असतो, म्हणून त्याचा आवाज मोठा. चुकतात दोघेही, पण सारखे नाहीत.

पहिल्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. एक ग्रॅम स्निग्धातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. प्रथिनातून वा पिष्टातून त्याच्या निम्म्याहूनही कमी. खाद्यात स्निग्धांश पुरेसा असला की मासा महागाचं प्रथिन ऊर्जेसाठी जाळत नाही, अंग वाढवायला वापरतो. इथवर मान्य. मात्र रोहू, कटला, मृगळ यांना साधारण ६ ते ८ टक्के स्निग्धांश पुरतो. त्यापुढे गेलं की माशाची ऊर्जेची गरज लवकर भागते, तो खाणं आखडतो आणि प्रथिनही कमी पोटात जातं. उरलेलं तेल यकृतात आणि आतड्यांभोवती साचतं. असा रोहू कापून बघा: आतडी दिसायच्या आधी पांढुरका-पिवळा, बोटाला चिकटणारा गोळा हाती येतो. तराजूत तो वजन देतो, कढईत नाही. यालाच वाढ म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

शिवाय हिशेबही मांडलेला नसतो. भंडारा-गोंदियाकडच्या भातगिरण्यांतून येणाऱ्या ताज्या कोंड्यात १५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं, घाणीच्या शेंगदाणा ढेपेत ७-८ टक्के. दोन्ही निम्मे-निम्मे कालवले तर मिश्रण ११ टक्क्यांवर जातं. त्यावर आणखी तेल कशाला? बरं, हाताने कालवलेलं तेल खाद्यात मुरतही नाही. टाकल्या टाकल्या पाण्यावर तवंग पसरतो.

आता दुसरे गृहस्थ. ते सांगतात ती ढेप आणि तो कोंडा हल्ली बहुतेक वेळा कारखान्यात द्रावकाने तेल काढून घेतलेला असतो. त्यात स्निग्धांश जेमतेम १ टक्का. प्रथिनाचा आकडा चांगला दिसतो, पण ते प्रथिन मासा जाळूनच टाकतो. घाणीच्या ढेपेचं तसं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या दिवसांत झवेरभाई पटेलांनी घाणी सुधारली, ती 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. घाणीवर गिरणीवाल्यांचा जुना आक्षेप असा की ढेपेत तेल मागे राहतं. माशाच्या बाजूने पाहिलं तर तोच तिचा गुण.

'पाण्यातलं खातील' हे मात्र अर्धं खरं आहे. बोर धरणासारख्या मोठ्या जलाशयात विरळ बीज सोडलं असेल तर प्लवंगातून माशाला हवी ती स्निग्धाम्लं मिळतात. तिथे तेलाची चर्चाच फिजूल. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याला माती नाही, तळाचा गाळ नाही, मृगळाला चरायला जागा नाही, आणि बीज मात्र दाटीने सोडलेलं. तिथे खाद्यात नाही ते माशाच्या अंगात येणार कुठून?

किती तेल, यापेक्षा कोणतं तेल हा प्रश्न मोठा, आणि तो दोघेही विचारत नाहीत. कार्प जातीच्या माशांना ओमेगा-६ आणि ओमेगा-३ दोन्ही लागतात, ढोबळमानाने खाद्याच्या १-१ टक्का. शेंगदाणा, सरकी, कोंडा यांत पहिलं मुबलक, दुसरं जवळपास नाहीच. सोयाबीन तेलात थोडं आहे. खरा साठा जवसात: त्याच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३. समुद्रातल्या बऱ्याच माशांना ते मासळीच्या तेलातून तयारच द्यावं लागतं. रोहू मात्र जवसातल्या आम्लापासून पुढची लांब आम्लं स्वतः घडवतो. शंभर किलो खाद्यात दोन किलो जवसाचं तेल आलं की तेवढी गरज भागते, बाकीचा स्निग्धांश वरच्या ६ ते ८ टक्क्यांच्या मर्यादेत कोंड्या-ढेपेतून येऊ द्यावा. विदर्भाचं हे जुनं पीक आपण चटणीपुरतं उरवलं, आणि मत्स्यखाद्याच्या गोण्या मात्र परराज्यातून आणतो.

यावर पहिले सल्लागार लगेच म्हणतील, मग जवसच भरपूर घाला! नको. जवसाचं तेल रंगात घालतात ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं म्हणून. त्याच गुणामुळे ते खवटही लवकर होतं. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, म्हणून दाणे वा ढेप ढिगाने चारू नये. खवट तेल तर साध्या उपासमारीहून वाईट. जपानमध्ये रेशमाचे खवट कोष-किडे खाऊन कार्प माशांच्या पाठीचे स्नायू झडले होते. ताजा कोंडाही गिरणीतून निघाल्या क्षणापासून खवट व्हायला लागतो. वैशाखातल्या वर्ध्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची काय गत होते ते पोत्यात नाक घातलं की कळतं. म्हणून आठवड्यापुरतंच कालवावं. आणि पौषात पाणी गारठलं, मासा सुस्तावला की तेल वाढवा हा सल्ला ऐकूच नये. भोकं पाडून तळ्यात टांगलेल्या खाद्याच्या पोत्यात काल किती उरलं ते बघून आजचं माप कमी करावं.