श्वानांचे यकृत्-प्लीहाविकार आणि आपले औषधालय

‘कुत्र्याला कावीळ झाली आहे, काहीतरी द्या’ अशी मागणी घेऊन येणारे ग्राहक आपल्या औषधालयांना नवे नाहीत. अशा वेळी हात सहज आरोग्यवर्धिनीकडे किंवा रोहितकारिष्टाकडे वळतो. यकृत् व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूले, तेव्हा औषधही तेच, असा हा हिशेब. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही, कारण त्यात निदानाची पायरीच वगळली जाते.

आपल्या प्रदेशात श्वानाची प्लीहा वाढलेली आढळली की प्रथम गोचीड आठवावी. तिच्या दंशातून बॅबेसिया व अर्लिकिया हे जंतू शरीरात शिरतात. बॅबेसिया रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. त्या गाळता गाळता प्लीहा वाढते, ज्वर येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, मूत्र गडद होते आणि पुढे नेत्र पिवळे दिसू लागतात. ही कावीळ रक्तनाशाची होय. तेथे यकृताला उत्तेजन देऊन काय साधणार?

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा विचार हवाच. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा हा रोग यकृत् व वृक्क दोहोंना ग्रासतो, आणि मनुष्यालाही होतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला आहे. अशा श्वानाचे मूत्र उघड्या हातांनी पुसणारा मालकही रुग्ण होऊ शकतो. बुरशी लागलेले खाद्य किंवा मालकाने परस्पर दिलेली पॅरासिटामॉलची गोळी हीदेखील यकृत्दुष्टीची कारणे. वयस्क जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत प्लीहेचे अर्बुद फुटेपर्यंत पुष्कळदा कळतही नाही.

आता आपल्या कल्पांविषयी. आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म असते. बेडलिंग्टन टेरियरमध्ये, आणि काही लॅब्राडोरमध्येही, यकृतात तांबेच साठून विकार होतो. त्यांना हा कल्प देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आसवारिष्टांतील मद्यांश श्वानाला सोसत नाही, आणि द्राक्षे तर त्याच्या वृक्कांना घातक ठरू शकतात. मानवी मात्रेचे वजनानुसार भागाकार करून हे प्रश्न सुटत नाहीत. (हस्त्यायुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण प्राणिभेदाने औषधभेद होतो हे विसरावे, याचे नवल वाटते.)

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. म्हणून औषधालयचालकांनी गोचीड होती का, लसीकरण झाले आहे का, घरातील कोणती औषधे दिली, एवढे विचारून ग्राहकास रक्ततपासणीसाठी तिकडे धाडावे. संघटनेनेही श्वानांना वर्ज्य अशा आपल्या कल्पांची यादी पशुवैद्यकांच्या साहाय्याने करून प्रत्येक सभासदाकडे पाठवावी, अशी सूचना आहे.